घर नवे, बिल कोणाचे?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या काळात रूढ झाली त्या काळी घराला विजेचा मीटर नव्हता. असता, तर म्हणीला आणखी एक तुकडा जोडावा लागला असता, असे बारामती आणि इंदापूर तालुक्यांत नवी घरे बांधलेल्यांशी बोलताना मला वारंवार वाटते. वाळू, सिमेंट, सळई, गवंडी, सुतार या सर्वांशी झगडून माणूस घर उभे करतो, ऐपतीप्रमाणे वास्तुशांत करतो, आणि दोन-तीन महिन्यांनी विजेचे पहिले बिल हातात पडते तेव्हा त्याच्या ध्यानात येते की, आपण राहतो ते घर आणि विजेच्या दप्तरातले घर ही दोन वेगळी घरे आहेत. नाव बिल्डरचे, पत्ता जुन्या प्लॉटचा, दर बांधकामाचा आणि आकडा भलत्याच मीटरचा!

मी काही वीजतज्ज्ञ नव्हे. पण ओळखीचे लोक बिल घेऊन येतात आणि 'हे जरा वाचून सांगा' म्हणतात, तेव्हा चष्मा लावून बसतो. लोक अजूनही 'एमएसईबीचे बिल' असेच म्हणतात. वास्तविक १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे जून २००५मध्ये विभाजन झाले आणि घरोघर वीज पोचवण्याचे काम महावितरण कंपनीकडे आले. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडचा 'बोर्ड' गेलेला नाही. तो केवळ सवयीने राहिला आहे असेही नाही. वीज देणारा एकच आहे, त्याच्याशी भांडून दुसरीकडे जाता येत नाही, ही जाणीव त्या शब्दात आहे. किराणा दुकानदाराने चुकीचा हिशोब केला तर आपण दुकान बदलतो. विजेच्या बाबतीत दुकान एकच. म्हणूनच या हिशोबाची चूक दुरुस्त करून घेण्याचा मार्ग प्रत्येक घरमालकाला ठाऊक असला पाहिजे.

बारामती-इंदापूरचे उदाहरण घेण्याचे कारण असे की, नव्या घराचे दोन्ही नमुने येथे शेजारी शेजारी पाहायला मिळतात. बारामतीत भिगवण रस्ता, पाटस रस्ता, जळोची, तांदुळवाडी, रुई या बाजूंना जिथे ऊस उभा असायचा तिथे आता अपार्टमेंट आणि बंगल्यांचे लेआउट उभे आहेत. औद्योगिक वसाहतीत नोकरीला आलेले, मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातून शहरात बिऱ्हाड केलेले, निवृत्तीचे पैसे घालून दोन खोल्यांचा फ्लॅट घेतलेले असे सर्व प्रकारचे लोक त्यांत राहतात. इंदापूरकडे नमुना निराळा. एका अंगाला नीरा डावा कालवा आणि दुसऱ्या अंगाला उजनीचा फुगवटा, मध्ये ऊस, डाळिंब आणि द्राक्षे. येथला शेतकरी गावठाणातले पडके घर सोडून शेतात, वस्तीवर, स्लॅबचे घर बांधतो. पळसदेवसारखी गावे तर उजनीच्या पाण्यामुळे मुळातूनच उठली आणि नव्या जागी वसली. ज्या धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते त्या धरणासाठी घर सोडलेल्यांच्या नातवंडांना नव्या घराच्या मीटरसाठी हेलपाटे घालावे लागावेत, यातला विरोधाभास सांगण्याची गरज नाही.

चार गोष्टींचा मेळ

विजेचे खाते म्हणजे नेमके काय? बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, बिलिंग युनिटचा आकडा असतो, मीटरचा क्रमांक, मंजूर भार आणि दराचा प्रकार असतो. या सगळ्या आकड्यांचा अर्थ एवढाच की, चार गोष्टींचा मेळ घातलेला आहे : माणूस, जागा, मीटर आणि वापर. अमुक माणूस, अमुक जागेत, अमुक मीटरमधून, अमुक कामासाठी वीज घेतो. या चारांपैकी एकाचाही मेळ चुकला की तक्रारीला सुरुवात होते. नव्या घरात हे चारही धागे एकाच वेळी बांधायचे असतात, आणि घाई असते ती दिवा लागण्याची. गाठ नीट बसली की नाही हे पाहायला कोणालाच सवड नसते.

आधी जागेचे पाहू. आपल्याकडे एकाच घराला किती क्रमांक असतात ते मोजावे. सातबाऱ्यावर गट नंबर, लेआउटमध्ये प्लॉट नंबर, घरपट्टीच्या पावतीवर मिळकत नंबर, आणि बिल्डरच्या नकाशात फ्लॅट नंबर. अर्ज करताना एक लिहिला जातो, मीटर बसवताना दुसरा, आणि बिल वाटणारा तिसराच शोधत फिरतो. हा आजार आपल्याच मुलखातला आहे असे समजू नये. इंग्लंडात नव्या वसाहतीतल्या घराची नोंद बिल्डरच्या प्लॉट नंबरावर झालेली असते, टपालाचा पत्ता नंतर मिळतो, आणि मग हा मीटर कोणत्या दाराचा यावरून तिथलेही रहिवासी महिनोन् महिने पत्रव्यवहार करतात. फरक एवढाच की, तिथल्या नियामकाने २०१८ साली नियम करून टाकला : पुरवठादाराच्या चुकीने बिल राहिले असेल तर बारा महिन्यांपूर्वी वापरलेल्या विजेचे पैसे घरगुती ग्राहकाकडून मागायचे नाहीत. चूक ज्याची, भार त्याच्यावर.

दुसरा धागा मीटरचा. अपार्टमेंटच्या जिन्याखाली एका पेटीत आठ-दहा मीटर ओळीने बसवलेले असतात. कोणता मीटर कोणत्या फ्लॅटचा, हे बिल्डरच्या वायरमनने खडूने किंवा स्केचपेनने लिहिलेले. त्यात दोन वायरींची अदलाबदल झाली की दोन कुटुंबे एकमेकांचे बिल भरू लागतात. एकाचे बिऱ्हाड भरलेले, पाणी तापवण्यापासून मिक्सरपर्यंत सर्व चालू. दुसऱ्याचा फ्लॅट कुलूपबंद, मालक पुण्यात. कुलूपबंद फ्लॅटला दोन हजारांचे बिल आणि भरल्या घराला दीडशेचे. ज्याला कमी येते तो गप्प बसतो. ज्याला जास्त येते तो आधी मीटरला, मग कंपनीला आणि शेवटी शेजाऱ्याला दोष देतो. पुण्याच्या मालकाने बिल थकवले म्हणजे तर कहरच. वीज कापायला आलेला माणूस कागदावरचा मीटर बंद करतो आणि अंधार होतो तो नियमाने पैसे भरणाऱ्याच्या घरात.

याची परीक्षा फार सोपी आहे आणि ती राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात करावी. घरातले दोन-तीन दिवे, पंखे, इस्त्री चालू ठेवावी आणि खाली मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो आहे ना ते पाहावे. मग घरातली मेन स्विच बंद करायला सांगावी. लुकलुक थांबली तर मीटर आपला. दुसऱ्याच मीटरची थांबली, तर शेजाऱ्याला सोबत घेऊन दोघांच्या सहीचा एकच अर्ज त्याच दिवशी द्यावा. दोघांच्या सहीने गेलेल्या अर्जाला वेगळे वजन असते, आणि शेजारधर्मही टिकतो.

तिसरा धागा माणसाचा. फ्लॅटचे मीटर पुष्कळदा बिल्डरच्या नावावर घेतलेले असतात आणि ताबा दिल्यानंतरही वर्षानुवर्षे तसेच राहतात. पैसे आपण भरतो, ग्राहक बिल्डर! याचा चटका बसतो तो बाकी निघाल्यावर. बांधकामाच्या काळातली बाकी कोणाची, हा प्रश्न कायद्याने सोडवलेला आहे. २०१६च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे, म्हणजे ज्याला आपण 'रेरा' म्हणतो त्याप्रमाणे, ताबा देईपर्यंतचे विजेचे आणि पाण्याचे देणे प्रवर्तकाचे असते, आणि ते त्याने चुकवले तर ताबा दिल्यावरही जबाबदारी त्याचीच राहते. हे कलम ताबा घेण्याच्या दिवशी माहीत असेल तर उपयोग. त्या दिवशी शेवटच्या बिलाची भरलेली पावती मागून घेता येते. किल्ली हातात घेतल्यावर मागणारा पुष्कळदा फोनच लावत बसतो.

जुन्या प्लॉटवर घर बांधणाऱ्याची अडचण याहून जुनी आहे. प्लॉटवर पूर्वी एखादे घर, दुकान किंवा पिठाची गिरणी असते. तिचा पुरवठा थकबाकीमुळे कायमचा तोडलेला. वीज कचेरीच्या भाषेत 'पी.डी.'. नवा मालक अर्ज करतो आणि त्याच्यापुढे कोणा तिऱ्हाइताची बाकी मांडली जाते. हे अन्यायाचे वाटते, पण कायदा इथे पूर्णपणे नव्या मालकाच्या बाजूचा नाही. मागच्या मालकाची बाकी नव्या मालकाकडून मागण्याची तरतूद नियमांत असेल तर ती लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये केरळातल्या एका प्रकरणासह अनेक प्रकरणांचा एकत्र निकाल देताना सांगितले. महाराष्ट्राच्या २००५च्या वीजपुरवठा संहितेने ही जबाबदारी वारसदार सोडून इतरांच्या बाबतीत सहा महिन्यांच्या बाकीपुरती मर्यादित केली होती. पुढे २०२१मध्ये नवे विनियम आले. तेव्हा आकडा सांगितला गेला की तो मुकाट्याने मान्य न करता, कोणत्या नियमाखाली आणि किती महिन्यांची बाकी मागता, हे लेखी विचारावे. २०२४-२५मध्ये महावितरणने कायमचा तोडलेल्या ग्राहकांसाठी अभय योजना आणली होती. तिच्यात मूळ रक्कम भरल्यास व्याज आणि विलंब आकार माफ होत असे, आणि जागेच्या नव्या मालकालाही तिचा लाभ घेता येत होता. अशी योजना कायमची नसते. म्हणून खरेदीखत करण्याआधी सातबारा जसा पाहतो तसे जागेवरच्या जुन्या वीजजोडाचे काय झाले तेही पाहावे, हेच शहाणपणाचे.

चौथा धागा वापराचा, आणि खिशाला सर्वांत जास्त चावणारा. नव्या बांधकामासाठी घेतलेल्या विजेचा दर घरगुती नसतो. तो चढा असतो. घर पूर्ण झाले, माणसे राहायला आली, तरी कोणी अर्ज करून दर बदलून घेतला नाही तर तोच चढा दर चालू राहतो. मीटर तोच, दिवा तोच, त्यामुळे काही बिघडले आहे हे कळतच नाही. बिलावर दराचा जो प्रकार छापलेला असतो तिकडे हजारात एखाद्याचे लक्ष जाते. उलटही घडते. कोणी शेजारच्या जुन्या घरातून वायर ओढून बांधकाम उरकतो, कोणी शेतीपंपाच्या जोडावर नव्या घराचे दिवे लावतो. हे अनेकांना निरुपद्रवी वाटते. कायद्याला वाटत नाही. २००३च्या विद्युत कायद्याच्या कलम १२६प्रमाणे मंजुरीपेक्षा वेगळ्या कामासाठी केलेला वापर हा अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. शिवाय अशा आकारणीविरुद्धची तक्रार ग्राहक न्यायालयात चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगून टाकले आहे. चार दिवसांची सोय चार वर्षे पुरणारे दुखणे होऊ शकते.

नव्या खात्याला भूतकाळ नसतो

हे सर्व जुन्या घराच्या बाबतीतही घडते, मग नव्या घराचे वेगळे ते काय, असे कोणी विचारील. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. आपल्या वीजव्यवस्थेत ग्राहकाचे संरक्षण त्याच्या भूतकाळावर उभे आहे, आणि नव्या घराला भूतकाळच नसतो.

कायद्याचे कलम ५६ पाहा. थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहकाने मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती 'हरकत नोंदवून' भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. किती शहाणी तरतूद! वीस वर्षे राहणाऱ्याला अचानक पन्नास हजारांचे बिल आले तर तो सरासरीचे बाराशे भरून निश्चिंत भांडू शकतो. पण ज्याला राहायला येऊन दोनच महिने झाले त्याने सरासरी कशाची काढायची? ज्या काळात चूक होण्याचा संभव सर्वांत जास्त, त्याच काळात ढाल सर्वांत पातळ.

मीटर नादुरुस्त झाला, कुलूप असल्याने वाचन झाले नाही, की अंदाजाने बिल काढतात. तो अंदाजही मागच्या वापरावरच बांधलेला असतो. नव्या घराच्या बाबतीत तो अंदाज हवेतला. पहिले बिल येण्यास उशीर झाला तर आणखी एक गोम होते. घरगुती दर टप्प्यांचे आहेत : शंभर युनिटपर्यंत एक, एकशेएक ते तीनशेपर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. समजा, चार महिन्यांचे मिळून ३६० युनिट झाले. महिन्याला नव्वद, म्हणजे सर्व वापर पहिल्या, स्वस्त टप्प्यातला. तोच एका महिन्याचा वापर धरला तर १०० युनिट पहिल्या टप्प्यात, २०० दुसऱ्यात आणि ६० तिसऱ्यात जातील. युनिट तेवढेच, पैसे मात्र कितीतरी जास्त. अशा बिलावर किती महिन्यांचा कालावधी धरला आहे एवढे एकच पाहिले तरी अर्धा वाद मिटतो.

म्हणून मी बिल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतो : पहिले सहा महिने बाळंतिणीच्या खोलीसारखे जपा. मीटर बसवला त्या दिवशीचा आकडा आणि मीटरचा क्रमांक यांचा फोटो काढा. नवा मीटर शून्यावरच असतो असे नाही. दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला आकडा वहीत लिहा. अर्जाची पोच, अनामतीची पावती, ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, हे सर्व घराच्या खरेदीखताबरोबर ठेवा. भूतकाळ नसेल तर तो आपणच निर्माण करायचा असतो, आणि तो कागदावरच निर्माण होतो. माझ्या स्वतःच्या घराची अशी एक जाड फाइल आहे. घरातले तिला हसतात; पण अनामतीवर दरवर्षी व्याज मिळाले पाहिजे हे कायद्यात आहे, हे मला त्या फाइलमुळेच कळले.

कायदा आहे, पण तारीख हवी

आपल्या लोकांची एक ठाम समजूत आहे की, वीज कंपनीपुढे काही चालत नाही. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४मध्ये ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले तेव्हा 'ग्राहक' हा शब्दही लोकांना दुकानापुरताच माहीत होता. त्यानंतर १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा आला, १९९९मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला, आयोगापुढच्या सुनावण्यांत पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी आकडेवारी घेऊन ग्राहकांची बाजू मांडली, आणि २००३च्या कायद्याने तक्रारीचे वेगळे दार उघडले. आज परिस्थिती अशी आहे की हक्क पुष्कळ आहेत. ते तारखेच्या कागदाशिवाय चालत नाहीत, एवढेच.

नव्या जोडाचेच घ्या. कलम ४३प्रमाणे परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून एका महिन्यात पुरवठा देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. नवी वाहिनी किंवा उपकेंद्र लागणार असेल तरच जास्त मुदत. त्यात कसूर झाली तर दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली दुरुस्ती झाली आणि ही मुदत नगरपालिका क्षेत्रात सात दिवस, तर ग्रामीण भागात पंधरा दिवस अशी खाली आली. पण दिवस मोजायचे कधीपासून? अर्जाच्या पोचेपासून. आणि आपण अर्ज देतो कोणाकडे? वायरमनकडे, 'तू बघ रे जरा' असे म्हणून. त्याच्या खिशातल्या कागदाला तारीख नसते, आणि कायद्याचे घड्याळ चालूच होत नाही.

तक्रारीचेही तसेच. आधी उपविभागाकडे लेखी तक्रार, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि तिथल्या निकालाने समाधान झाले नाही तर विद्युत लोकपाल. महावितरणच्या बारामती परिमंडळात बारामतीसह सातारा आणि सोलापूर ही मंडळे येतात. मंचापुढे जायला वकील लागत नाही. स्वतःच्या शब्दांत लिहिलेला अर्ज आणि बिलांच्या प्रती पुरतात. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायला हवे. साहेबांना भेटून आलो, फोन केला होता, नेत्याची चिठ्ठी नेली होती, यांतले काहीही त्या दोन वर्षांत धरले जात नाही. आपल्या भागात चिठ्ठीची सवय जरा जास्तच आहे. चिठ्ठीने एकाचे काम होते. लेखी तक्रारीने नियम हलतो, आणि त्याच्या मागून दहाजणांचे काम होते.

जुन्या चुकीची वसुली हा शेवटचा भाग. राजस्थानातल्या एका ग्राहकाला जुलै २००९ ते सप्टेंबर २०११ या काळात चुकीच्या दर-संकेताने बिले गेली. चूक कंपनीची. ती हिशोब तपासणीत सापडली आणि २०१४मध्ये त्याच्याकडे २९,१०३ रुपयांची मागणी झाली. रक्कम लहान, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी २०२०च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, चूक नंतर ध्यानात आली तर कंपनी जादा मागणी करू शकते, पण दोन वर्षांची मुदत उलटल्यावर त्या रकमेसाठी वीज तोडण्याचा धाक घालता येणार नाही. वसुलीचा दुसरा कायदेशीर मार्ग धरावा. बांधकामाचा दर, घरगुती दर यांच्या गोंधळात सापडलेल्या नव्या घरमालकाने हा निकाल लक्षात ठेवावा. तो दोन्ही बाजूंनी कापतो. आपल्याला कमी दराने बिल येत असेल तर तेही गप्प बसून भोगण्यासारखे सुख नव्हे.

वस्तीवरचे घर

शेतातल्या घराची कथा थोडी वेगळी आहे. गावठाणाच्या वाहिनीवर जवळपास दिवसभर वीज असते. शेतीच्या वाहिनीवर ती पाळीने, ठरावीक तास येते. ही वाहिन्यांची विभागणी झाली तेव्हा वस्त्यांवर आजच्याइतकी पक्की घरे नव्हती. आज आहेत. टीव्ही, फ्रिज, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांचे औषधपाणी सगळे वस्तीवर आले. वाहिनी मात्र पंपाचीच राहिली. घरगुती जोड मागायला जावे तर खांब लागतात, कधी रोहित्र लागते, आणि खर्च कोणी करायचा हा प्रश्न येतो. राज्य आयोगाने ८ सप्टेंबर २००६च्या आदेशाने ग्राहकाकडून सरसकट पायाभूत खर्च उकळण्याला लगाम घातला; केवळ एका ग्राहकासाठीच उभारलेल्या स्वतंत्र सुविधेचा खर्चच त्याच्याकडून घेता येतो. हा भेद ठाऊक नसलेला शेतकरी 'स्वखर्चाने करतो' असे लिहून देतो, आणि त्याच्याच खांबावरून पुढे चार घरांना वीज जाते. लिहून देण्याआधी अंदाजपत्रकाची प्रत मागावी, एवढी खबरदारी कोणीही घेऊ शकतो.

नावाचा मेळही आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या सौर संचाला तीन किलोवॉटपर्यंत ७८,००० रुपयांचे अनुदान आहे. पण अर्ज होतो तो ग्राहक क्रमांकावर. मीटर आजोबांच्या नावावर, घर वडिलांच्या नावावर आणि बँकेचे खाते मुलाचे, अशा घरात अनुदान दारापर्यंत येऊन अडते. दुसरीकडे, डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामांसंबंधीच्या एका निकालात सांगितले की, इमारतीला वीज-पाण्याचे जोड पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहूनच द्यावेत. हेतू योग्यच आहे. पण दाखला न मिळवता फ्लॅट विकणारा बिल्डर मोकळा आणि त्यात राहणारे कुटुंब बांधकामाच्या चढ्या दरावर, असे होता कामा नये. फ्लॅट घेणाऱ्याने दाखल्याचा प्रश्न पैसे देण्याआधी विचारावा आणि नगरपालिकेने तो वेळेत निकालात काढावा.

मग करायचे काय? माझी सूचना साधी आहे. नवा जोड दिल्यावर पहिल्या बिलाच्या आधी कंपनीचा माणूस आणि घरमालक यांनी मिळून एकदा पडताळणी करावी. नाव, पत्ता, मीटरचा क्रमांक आणि सुरुवातीचा आकडा, दराचा प्रकार आणि मंजूर भार, हे एका पानावर लिहावे, मेन स्विच बंद करून मीटर पारखावा आणि दोघांनी सह्या कराव्यात. अपार्टमेंट असेल तर बिल्डरचीही सही घ्यावी. याला ना नवा कायदा लागतो, ना मोठा खर्च. अर्ध्या तासाचे काम आहे. पुढे जे महिनोन् महिन्यांचे हेलपाटे, अंदाजी बिले, दुरुस्तीचे अर्ज आणि मंचापुढच्या तारखा होतात, त्यांचा हिशोब मांडला तर हा अर्धा तास कंपनीलाच स्वस्त पडेल. शिवाय ज्याला मागचे सहा महिने नाहीत अशा ग्राहकाची पहिल्या सहा महिन्यांतली वीज, लेखी तक्रार प्रलंबित असेल तर, तोडली जाऊ नये, असा स्पष्ट नियम आयोगाने करावा. जुन्या ग्राहकाला जी ढाल आहे ती नव्याला का नसावी?

घर बांधताना आपल्याकडे जोत्याला फार जपतात. ओळंबा लावतात, दोरी धरतात, कोन गुण्यात आहे की नाही ते पुन्हा पुन्हा तपासतात. कारण जोत्यात राहिलेली सुताची चूक छतापर्यंत गेल्यावर हातभर होते, हे गवंड्यालाही कळते. विजेच्या खात्याचे पहिले पान हे त्या खात्याचे जोते आहे. ते सरळ आहे ना, एवढे पाहण्याची जबाबदारी जोड देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने सारखीच वाटून घेतली, तर बारामती-इंदापूरच्या कितीतरी नव्या घरांतला पहिला महिना बिलाच्या धास्तीशिवाय जाईल.